ई-इंकवर मागच्या पानाची सावली: माझा अनुभव

माझ्या ई-बुक वाचायच्या यंत्राला ई-इंक, म्हणजे कागदासारखा दिसणारा काळा-पांढरा पडदा आहे. त्यावर मागच्या पानाची शिरोरेषा नव्या पानावर पुसट दिसत होती. पान उलटताना यंत्र बॅटरी वाचवायला अर्धवट रिफ्रेश करतं, म्हणजे पडदा पूर्ण पुसून नव्याने उमटवत नाही. त्यामुळे अक्षरं उमटवणारे काळे-पांढरे कण पूर्ण हलत नाहीत. सेटिंगमध्ये ‘प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश’ चालू केलं, सावली गेली. पडदा क्षणभर काळा होतो, ते चालायचंच.

कण द्रवात तरंगतात आणि तापमानानुसार द्रवाचा दाटपणा बदलतो. म्हणून तापमानाचा सेन्सर पाहून कण हलवणारे विजेचे ठोके ठरतात. परभणी-नांदेडच्या वैशाखात पत्र्याखाली तापलेलं यंत्र आधी सावलीत निवू द्या, मगच तपासा.

अक्षरं दातेरी दिसली तर वेगवान मोड बंद करा. त्यात करड्या छटा मिळत नाहीत. जोडाक्षरं तुटली तर मात्र दोष रिफ्रेशचा नाही. दोष फॉन्टचा असू शकतो. ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टची टीटीएफ फाइल यंत्राच्या फॉन्ट्स फोल्डरात टाका, अक्षरांची जाडी एक पायरी वाढवा.