रेडिएटरचा पंखा रिलेवर कसा घ्यावा

ओंकारेश्वराहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या चढावर आमच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लालला टेकला. बोनेट उघडलं, तर पंखा गप्प. थर्मोस्विच, म्हणजे इंजिन तापलं की पंखा आपोआप लावणारा स्विच, आधीच गेलेला, आणि त्याच्याऐवजी एका मिस्त्रीने डॅशबोर्डवर लावून दिलेलं बटण वितळलेलं. पंख्याचा सगळा करंट त्या एवढ्याशा बटणातून जात होता, दुसरं काय होणार!

लहान गाडीचा पंखा चालताना साधारण १० अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; त्याच्या आतल्या कॉइलला मात्र पाव अँपिअरही लागत नाही. बटणाने फक्त रिलेला हुकूम द्यायचा, ओझं रिलेने वाहायचं. पंखा ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) चालतो अशा नव्या गाडीत मात्र हे करू नका.

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत सगळं सामान मिळतं: १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा चार पायांचा रिले, त्याचं सॉकेट, होल्डरसह २० अँपिअरचा फ्यूज, ४ स्क्वेअर एमएमची जाड वायर, १ स्क्वेअर एमएमची बारीक वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) आणि एक साधं बटण. वायर घेताना काटकसर नको. दुकानदार पाच पायांचा रिले देईल, तोही चालतो. पण त्याच्या ८७ए या पायावर रिले बंद असताना करंट असतो. तो मोकळा ठेवा आणि झाकून टाका.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पंख्याच्या जुन्या वायरी सोडवून घ्या. रिले सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, पाय खाली करून बसवा, म्हणजे पावसाळ्यात पाणी आत साचत नाही.

आता जाड वायरी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली वायर वीतभर अंतराच्या आत फ्यूजमधून न्या आणि रिलेच्या ३० नंबरच्या पायाला जोडा. फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. रिलेजवळ लावला तर मधली वायर घासून बॉडीला टेकली की आग लागू शकते. ८७ वरून पंख्याचं पॉझिटिव्ह. पंख्याचं निगेटिव्ह बॉडीला, पण रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. अर्धी दुखणी या एका अर्थिंगची असतात.

बारीक वायरींत डोकं लागतं. ८६ ला फ्यूजबॉक्समधून असा करंट द्या जो चावी फिरवल्यावरच येतो, नाहीतर बटण चालू राहिलं की सकाळी बॅटरी बसलेली. ८५ वरून निघालेली वायर बटणाला आणि बटणाचं दुसरं टोक बॉडीला. बटण असं अर्थच्या, म्हणजे बॉडीच्या, बाजूला ठेवण्यात एक फायदा आहे: ही वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, पंखा नुसता चालू राहतो. घाटात हेच हवं.

नवा थर्मोस्विचही लावा. दोन पिनांचा असेल तर एक पिन त्याच ८५ ला, दुसरी बॉडीला. म्हणजे तो आणि बटण समांतर; दोघांपैकी कुणीही अर्थ दिला की पंखा फिरतो. राजवाड्याच्या गर्दीत, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, कुणाला आठवतंय बटण दाबायचं? बटण अडीअडचणीसाठी.

निगेटिव्ह परत लावा, चावी फिरवा, इंजिन बंदच ठेवा. बटण दाबल्यावर रिलेचा ‘टक्’ आला आणि पंखा हलला नाही, तर जाड वायरी, फ्यूज किंवा अर्थ तपासा. ‘टक्’च नसेल तर बारीक वायरी. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर समोरून जाळीवर धरलेला कागद चिकटला पाहिजे. उडाला, तर पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

मग बटण बंद करून इंजिन चालवा आणि थर्मोस्विच आपोआप पंखा लावतो का पाहा. काटा लालकडे गेला आणि पंखा लागला नाही तर इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

पंधरा मिनिटं चालल्यावर इंजिन बंद करून फ्यूजहोल्डर आणि लग हाताने चाचपा. जो जोड चांगलाच तापलेला लागेल तो सैल आहे, पुन्हा दाबून घ्या. २० अँपिअरचे दोन जास्तीचे फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा.