ग्रब२ ईजीएफआरला जोडला का? को-आयपीने (एक प्रथिन अँटिबॉडीने ओढून त्याला चिकटलेले दुसरे शोधणे) तपासण्याची रीत

ग्रब२ या ॲडाप्टर (इतर प्रथिनांना जोडणाऱ्या) प्रथिनात एन्झाइमचा भाग नाही. मधे एक एसएच२ आणि दोन्ही टोकांना एकेक एसएच३ हे पकडणारे भाग, एवढीच त्याची रचना. ईजीएफ हा वाढीचा संकेत देणारा रेणू बसला की ईजीएफआर या त्याच्या रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीवरील टायरोसिनांवर फॉस्फेट चढते आणि एसएच२ ते पकडते. एसएच३ने धरलेला सॉस (रासला चालू करणारे प्रथिन) त्यामुळे पेशीपटलापाशी पोचतो आणि रास हे सिग्नल पुढे नेणारे प्रथिन चालू होते. सारी जोड त्या फॉस्फेटवर टिकलेली, म्हणून ते जपणे हेच या प्रयोगातले खरे काम.

ए४३१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोग पेशींत ईजीएफआर भरपूर असतो. त्या रात्रभर सीरमविना ठेवा, नाहीतर ० मिनिटालाच सिग्नल दिसतो. १०० नॅनोग्रॅम/मिली ईजीएफ देऊन ०, २, ५ आणि १५ मिनिटांनी थाळ्या थेट बर्फावर ठेवा. थंडगार पीबीएसने (खारट बफर) धुऊन लायसिस (पेशी फोडणारा) बफर घाला: ट्रिस पीएच ७.५, १५० मिलीमोलर मीठ, १% एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), प्रोटिएज इनहिबिटर, १० मिलीमोलर सोडियम फ्लोराइड, १ मिलीमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनॅडेट. व्हॅनॅडेट आधी पीएच १०ला आणून रंग जाईपर्यंत उकळलेले हवे. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर ते निकामी होते, आणि फॉस्फेटेज एन्झाइमे फॉस्फेट उतरवतात. एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेला आरआयपीए बफर टाळा, जोड तुटते.

सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १० मिनिटे फिरवा. ५०० मायक्रोग्रॅम प्रथिनाला २ मायक्रोग्रॅम ईजीएफआर अँटिबॉडी, रात्रभर ४ अंशांवर. मग प्रोटीन जी बीड्स १ तास, लायसिस बफरनेच तीन धुण्या. सोबत साध्या आयजीजीचा (कशालाही न ओळखणारी अँटिबॉडी) नमुना आणि इनपुट (न ओढलेला मूळ लायसेट) हवेच.

सर्वाधिक फसगत ब्लॉटवर (आकाराने वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने दाखवणारा पडदा) होते. ग्रब२ सुमारे २५ किलोडाल्टनचा, आणि अँटिबॉडीची हलकी साखळीही तेवढीच! तिचाच पट्टा ग्रब२ समजला जातो. म्हणून ईजीएफआर उंदराच्या अँटिबॉडीने ओढा, ग्रब२ सशाच्या अँटिबॉडीने शोधा आणि दुय्यम अँटिबॉडी उंदराला न चिकटणारी घ्या. फॉस्फोटायरोसिन पाहताना ब्लॉकिंगला दूध नको, बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरा. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असते.

पट्टा दिसला तरी ग्रब२ थेट जोडलेला आहे असे धरू नका. तो एसएचसी या दुसऱ्या ॲडाप्टरमार्फतही येतो. शिवाय ग्रब२ सीबीएल या एन्झाइमलाही आणतो, आणि सीबीएल रिसेप्टरला युबिक्विटिन (प्रथिन नष्ट करण्याची खूण) लावून सिग्नल आवरतो. एकट्या ५ मिनिटांच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, ते याचसाठी. खात्रीसाठी ८६ व्या आर्जिनिनच्या जागी लायसिन असलेला, टॅग लावलेला ग्रब२ चालवा. त्याचाही पट्टा आला, तर ती जोड एसएच२-फॉस्फेटची नाही. धुण्या वाढवून पुन्हा पाहा.