तीन पिढ्यांसाठी पायी फिरण्याजोगे युरोपीय शहर कसे निवडावे?

तीन पिढ्यांचे कुटुंब सुटीसाठी युरोपात निघते, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांची यादी आधी होते आणि पायांचा विचार सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. सगळे काही जवळजवळ असलेले शहर पायी फिरण्यास सोयीचे, ही व्याख्या तरुण जोडप्याला पुरते. आजी-आजोबा आणि चार वर्षांचे नातवंड सोबत असेल, तर थकलेल्या माणसाला इतरांचा दिवस न मोडता अर्ध्या वाटेवरून मुक्कामी परतता येणे हीच खरी सोय.

म्हणून नकाशा उघडण्याआधी घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीसोबत एक फेरी मारून यावी आणि किती मिनिटांनी बसावेसे वाटते, पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार लागतो का, हे पाहून ठेवावे. ‘मी चालेन की, माझी काळजी करू नका’ हे उत्तर मात्र ग्राह्य धरू नये.

त्यानंतर चढउतार पाहावेत, कारण साधा नकाशा ते दाखवत नाही. ऑनलाइन नकाशावर मुक्काम आणि मुख्य चौक यांच्यामधील सायकलचा मार्ग मागितला, तर बहुतेक ठिकाणी चढाचा आलेख मिळतो. लिस्बनच्या टेकड्या तिथेच उघड्या पडतात. शिवाय तेथील पदपथांवरील चुनखडीचे गुळगुळीत तुकडे पावसात निसरडे होतात. व्हेनिसची गोष्ट निराळी आहे. तिथे मोटारी नाहीत, जमीन सपाट आहे, पण चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. बाबागाडी उचलून पाचवा पूल ओलांडताना सपाटीचे कौतुक उरत नाही. तरीही व्हेनिसलाच जायचे असेल, तर मुक्काम जलबसच्या थांब्याजवळ आणि मध्ये एकही पूल येणार नाही असा शोधावा.

पायाखालच्या फरसबंदीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. रस्त्यांची छायाचित्रे पाहताना इमारतींवरून नजर काढून ती जमिनीवर न्यावी. उंचसखल गोल दगडांवर काठी अडखळते, बाबागाडीची चाके थडथडतात आणि घोटे लवकर थकतात. नेदरलँड्समधील ब्रेडा शहराने यावर सुरेख तोड काढली: जुने दगड उखडून, कापून, त्यांची सपाट बाजू वर करून ते पुन्हा बसवले, त्यामुळे चौकाचे जुने रूप टिकले आणि चाकांची अडचणही दूर झाली. युरोपीय आयोगाचा सुगम्य शहरांसाठीचा पुरस्कार ब्रेडाला २०१९ मध्ये मिळाला. या पुरस्काराच्या विजेत्यांची यादी निवडीच्या सुरुवातीलाच चाळावी.

आता परतीच्या वाटेचा प्रश्न. या कसोटीवर मी स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियानाला फार वर ठेवतो. शहराचा मध्यभाग २००७ पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद झाला, नदीकाठ सपाट आहे, किल्ल्यावर जाण्यासाठी तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे आणि ‘कव्हालिर’ नावाची छोटी विजेची वाहने पादचारी भागात लोकांना विनामूल्य नेतात. मोठे शहर हवे असेल तर व्हिएन्ना घ्यावे, कारण तेथील भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. पॅरिसच्या मेट्रोत १४ क्रमांकाची मार्गिका वगळता जिन्यांची तयारी ठेवावी लागते; ज्येष्ठांसोबत तिथे बसनेच फिरणे बरे.

ऊन-पावसाची चिंता असेल तर इटलीतील बोलोन्याचा विचार करावा. एकूण सुमारे ६२ किलोमीटर लांबीच्या छत असलेल्या कमानदार पदपथांमुळे तिथे सावलीतून बराच वेळ फिरता येते. डोंगरावरील सान लुका चर्चपर्यंत जाणारा मार्ग मात्र छत असले तरी दमवणारा आहे. तो तरुणांनी चढावा. दक्षिण स्पेनमध्ये भर उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे सेव्हिल-कोर्दोबाचा बेत वसंतात आखावा. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या अरुंद पाटांत मुले लाकडी होड्या सोडतात. नातवंडांची तिथे चंगळ असते, मात्र वर पाहत चालणाऱ्या आजोबांचा पाय त्यात सहज पडू शकतो.

शहर ठरले की मुक्काम मध्यवर्ती चौकापेक्षा ट्रामच्या थांब्याजवळ घ्यावा, म्हणजे आजी सकाळी अकरा वाजता परतल्या तरी इतरांना पुढे जाता येते. आरक्षणापूर्वी घरमालकाला ‘लिफ्ट आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच सात-आठ पायऱ्या असू शकतात, किंवा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील, असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.