रणांगणामागचा समाज: युद्धकाळातील सामाजिक फुटीचा अभ्यास कसा करावा

युद्धकाळातील समाजाविषयी लिहू पाहणारे बहुतेक विद्यार्थी ‘युद्धाने देश एक झाला की दुभंगला’ या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण दोन्ही उत्तरांना भरपूर पुरावे सापडतात. त्यापेक्षा युद्धाचा कोणता भार कोणावर पडला, तो कोणाला टाळता आला आणि लढाई थांबल्यावर त्यातले काय टिकले, हे शोधावे. त्यासाठी एकच देश निवडावा आणि कालखंड मात्र युद्धाच्या दोन्ही बाजूंना काही वर्षे वाढवून घ्यावा. केवळ युद्धाची वर्षे पाहिली, तर आधीपासून असलेली भेगही युद्धानेच पाडली असे वाटू लागते.

पहिले काम म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा मिळवून त्यातील सवलतींची कलमे वाचणे. कायद्याची प्रस्तावना सर्वांना समान लेखते, समाजाची खरी उतरंड सवलतींच्या यादीत उमटते. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडील राज्यांसाठी १८६३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन भरती टाळता येत असे, आणि ही रक्कम साध्या मजुराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईइतकी होती. दक्षिणेने त्याआधीच, ऑक्टोबर १८६२ मध्ये, वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला सूट दिली होती. ‘युद्ध श्रीमंतांचे आणि लढणारे गरीब’ ही तक्रार म्हणूनच दोन्ही बाजूंना ऐकू येत होती. मात्र तक्रार जिथून उठते तिथेच राग निघतो असे समजू नये. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरतीविरुद्ध उसळलेल्या जमावाने श्रीमंतांची घरे लुटली खरी, पण सर्वांत क्रूर हल्ले कृष्णवर्णीय रहिवाशांवर केले आणि त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रमही जाळला. दंगलीची नोंद करताना कारण आणि लक्ष्य हे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

भरतीला झालेला विरोध जुन्या कोणत्या भेगेवरून गेला, हेही पाहावे. पहिल्या महायुद्धात कॅनडामध्ये १९१७ च्या सक्तीने फ्रेंचभाषक क्वेबेक आणि इंग्रजीभाषक प्रांत समोरासमोर उभे केले. ऑस्ट्रेलियात मतदारांनी १९१६ आणि १९१७ अशी दोनदा परदेशी सेवेची सक्ती नाकारली.

त्यानंतर रेशनिंगकडे वळावे. येथे कोणती वस्तू नियंत्रणात होती यापेक्षा कोणती बाहेर होती हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली, परंतु उपाहारगृहातील जेवणासाठी रेशनकार्डावरील वाटा खर्ची पडत नसे, म्हणून ज्याच्या खिशात पैसे होते त्याला समान वाटपातही पळवाट होती. त्यावरची नाराजी इतकी वाढली, की १९४२ मध्ये सरकारला अशा जेवणाच्या बिलावर पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. पाव युद्धात कधीच रेशनवर नव्हता. तो आला १९४६ मध्ये, विजयानंतर. कालखंड पुढे वाढवण्याचा आग्रह याच कारणासाठी आहे.

‘आतला शत्रू’ कोणाला ठरवले गेले, हे तपासताना सुरक्षेचे कारण जसेच्या तसे स्वीकारू नये. तेच कारण दुसरीकडे लागू केले का, ते पाहावे. अमेरिकेने १९४२ पासून पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. जिथे जपानचा प्रत्यक्ष हल्ला झाला त्या हवाईमध्ये मात्र या वंशाचे लोक लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक असूनही सरसकट स्थानबद्धता झाली नाही, कारण त्यांच्या श्रमाशिवाय तेथील अर्थव्यवस्था चाललीच नसती. एवढी एक तुलना कित्येक पाने वाचवते.

स्त्रियांच्या कामाबद्दल सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण इथे छायाचित्रे फार बोलकी आणि म्हणून फसवी असतात. कारखान्यातील स्त्रियांची संख्या युद्धापूर्वी, युद्धाच्या ऐन मध्यावर आणि युद्धानंतर दोन-तीन वर्षांनी अशी तीनदा मोजावी. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने युद्धपूर्व कामगार-प्रथा, म्हणजे ठरावीक कामे कुशल पुरुष कामगारांसाठी राखण्याच्या रीती, परत आणल्या आणि असंख्य स्त्रियांना यंत्रांवरून उतरावे लागले. फेब्रुवारी १९१८ मध्ये मिळालेला मताधिकारही मालमत्तेच्या अटीसह तीस वर्षांवरील स्त्रियांपुरता होता, त्यामुळे दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य तरुणी त्यातून वगळल्या गेल्या. पुरुषांच्या बरोबरीचा अधिकार यायला १९२८ उजाडले.

साधनांबाबत थोडक्यात सांगायचे तर, सरकारी भित्तिपत्रक लोक काय करत होते याचा पुरावा नसून त्यांनी काय करावे अशी सरकारची इच्छा होती याचा पुरावा आहे. साठेबाजीविरुद्धची भित्तिपत्रके वाढली, तर साठेबाजी चालू होती असा तर्क करून न्यायालयीन खटल्यांत आणि रोजनिशांत त्याची खातरजमा करावी. सेन्सॉर झालेली पत्रे वाचताना काय गाळले आहे त्याची वेगळी यादी ठेवावी, आणि लिहायला बसताना पहिला परिच्छेद त्या यादीतून सुरू करता येतो का, ते पाहावे.