माइनक्राफ्टचा केक, शेंगांच्या दुधाचा

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये केक करायला तीन बादल्या दूध लागतं. वरच्या ओळीत दुधाच्या तीन बादल्या, मधल्या ओळीत साखर, अंडं, साखर, खालच्या ओळीत तीन गहू. नऊ चौकटी भरल्या की केक तयार. भट्टी पेटवायची नाही, वाट बघायची नाही, वर बादल्या रिकाम्या होऊन परत हातात. असा केक खराखुरा करून दे, असा हुकूम भाच्यानं दहाव्या वाढदिवसाला सोडला. त्याची थोरली बहीण पुण्याहून व्हीगन होऊन आलेली, तिनं त्यात भर घातली: "मामी, मीपण खाईन असा कर."

सासूबाईंनी नातवाला विचारलं, "दूध नाही, अंडं नाही, मग केक म्हणायचं कशाला बे त्याला?"

अंड्याचं काही वाटलं नाही. बिनअंड्याचा केक सोलापुरात कुठल्याही बेकरीत मिळतो. पण त्यात अंड्याची उणीव दही, लोणी नाहीतर कंडेन्स्ड मिल्कनं भरून काढलेली असते, आणि व्हीगन म्हटलं की ते सगळं बाद. तूप आणि मधसुद्धा. त्या तीन बादल्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. बदामाच्या दुधाच्या डब्यावरची किंमत बघून मी तो परत फळीवर ठेवला आणि मंगळवार पेठेतून नेहमीप्रमाणे शेंगदाणे घेऊन आले.

आदल्या रात्री: दूध

एक कप (साधारण 150 ग्रॅम) शेंगदाणे मंद आचेवर नुसते गरम होतील इतपतच भाजा. डाग पडू द्यायचे नाहीत. चटणीसाठी भाजतो तसे खमंग भाजले तर दूध तपकिरी होतं. एवढ्या भाजण्यानं कच्चट वास जातो आणि सालं सुटतात. चोळून, पाखडून सालं काढा आणि दाणे रात्रभर पाण्यात ठेवा.

सकाळी ते पाणी फेकून द्या. दाणे मिक्सरमध्ये आधी अगदी थोड्या पाण्यात गंधासारखे वाटा, मग एकूण तीन कप होईल एवढं पाणी घालून पुन्हा फिरवा. धुतलेल्या सुती पंचातून पिळून गाळा. (टॉवेल सोलापूरचा आहे म्हणून टर्किशमधून गाळू नका, धागे दुधात उतरतात.) गाळलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात पाचेक मिनिटं उकळा. समोरून हलू नका. हे गाईच्या दुधापेक्षा लवकर उतू जातं आणि तळाला धरतं. सासूबाई मागून डोकावून म्हणाल्या, "ही तर उपासाच्या आमटीची सुरुवात की!" खरंच आहे. जिरं-मिरचीची फोडणी दिली असती तर भगरीबरोबर संपलं असतं.

केकला त्यातलं एकच कप लागतं. थंड झाल्यावर त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. ते फुटल्यासारखं दिसेल, ताकासारखं दाट होईल. बिघडलं म्हणून ओतू नका, हेच हवंय. हा आंबटपणा सोड्याला भेटला की वायू सुटतो आणि केक फुगतो.

अंड्याच्या जागी जवस

एक मोठा चमचा जवस कच्चंच बारीक वाटा, तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. बोटाला तार येईल असा चिकट गोळा होतो. अंड्याचं बांधून ठेवायचं काम हा करतो. चटणीसाठी भाजून ठेवलेली जवसाची पूड वापरायचा मोह होईल, पण मग केकला चटणीचा वास येतो.

बाकीचं साहित्य असं: एक कप मैदा (125 ग्रॅम), अर्धा कप कणीक (60 ग्रॅम), पाऊण कप साखर (150 ग्रॅम, दळून), पाव कपापेक्षा थोडं जास्त रिफाइंड करडई किंवा सूर्यफूल तेल (80 मिली), एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची. गेममध्ये नुसता गहू असतो, म्हणून भाचा पूर्ण कणकेचा मागत होता. तसा करून बघितला, विटेसारखा झाला. एकास अर्धा हे प्रमाण सोडू नका.

साखरेबद्दल भाचीनं एक शंका काढली. काही देशांत साखर शुभ्र करायला हाडांच्या कोळशातून गाळतात, म्हणून तिकडचे व्हीगन लोक साखरही चौकशी करून घेतात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ते काम गंधकाच्या धुरावर होतं. कारखान्यांच्या या जिल्ह्यात साखरेला नाव ठेवायची वेळ आली नाही, हे बरं झालं.

चौकोनी केक, गोल कुकर

गेममधलं सगळं जग चौकोनी, तेव्हा केकही चौकोनीच हवा. मी हौसेनं सहा इंची चौकोनी डबा आणला आणि कुकरमध्ये ठेवायला गेले तर बसेना. सहा इंचाच्या चौकोनाचा कर्ण साडेआठ इंच होतो, हे दहावीत शिकलेलं तेव्हा आठवलं. ओव्हन असेल तर प्रश्नच नाही: 180 अंशावर 35 ते 40 मिनिटं. नसेल तर किमान दहा इंच रुंदीचं जाड पातेलं घ्या, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि घट्ट झाकण घालून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. हे तापवणं पीठ कालवायच्या आधी. सोडा ओला झाला की लगेच काम सुरू करतो. ओट्यावर ठेवलेलं पीठ तिथंच फुगून बसतं आणि पातेल्यात गेल्यावर त्याच्यात जोर उरत नाही.

मैदा, कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात साखर, तेल, जवसाचा गोळा आणि फुटलेलं दूध एकजीव करा. ओलं कोरड्यात ओता आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. थोड्या गाठी राहिल्या तरी चालतील; जास्त घोटलं तर केक रबरासारखा होतो. तेल लावून तळाला कागद घातलेल्या डब्यात ओता, डबा दोनदा आपटा आणि पातेल्यात ठेवा. मंद आचेवर 45 ते 55 मिनिटं. पहिली 35 मिनिटं झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही विचारलं तरी. विणायची सुई मधोमध घालून बघा, कोरडी आली की उतरवा. वीस मिनिटांनी डब्यातून काढा. वरचा थर मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय नाही.

पांढरा थर आणि लाल चौकोन

हा केक ओळखू येतो तो वरच्या भागावरून. वर पांढरं, त्यावर लाल ठिपके, बाजूनं पांढऱ्याचे खालीवर ओघळ आणि त्याखाली तपकिरी.

पहिल्या खेपेला मी नारळाची साय फेटून लावली होती. एप्रिल महिना, संध्याकाळी पाहुणे यायचे होते, आणि चार वाजता बघते तर सगळा पांढरा थर ताटलीत उतरलेला. आपल्या उन्हात साय टिकत नाही. साखरेचा थर टिकतो: एक कप बारीक दळून चाळलेली साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, आणि दीड ते दोन मोठे चमचे शेंगांचं दूध. दूध थेंबाथेंबानं घाला. चमच्यावरून जाड फितीसारखं पडलं पाहिजे. मधोमध ओता, चमच्याच्या पाठीनं कडेपर्यंत न्या आणि काही ठिकाणी मुद्दाम खाली ढकला. रंग किंचित मोतिया येतो. अगदी शुभ्रच हवं असेल तर नारळाचं दूध घ्या.

लाल चौकोनांसाठी बाजारातली जेली नको. तिच्यात जिलेटिन असू शकतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. त्याऐवजी चायना ग्रास (अगर-अगर) घ्या, ते समुद्री शेवाळापासून होतं. आणि रंगाला सोलापूरचं डाळिंब आहेच, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या शहरात लाल रंगाची बाटली कशाला आणायची? भगवा जातीचं डाळिंब घ्या, दाणे मिक्सरमध्ये एकदाच फिरवून गाळा. बिया भरडल्या तर रस तुरट होतो. अर्धा कप पाण्यात एक छोटा चमचा चायना ग्रास पावडर पूर्ण विरघळेपर्यंत, दोनेक मिनिटं उकळा, आच बंद करा आणि मगच अर्धा कप रस व दोन चमचे साखर मिसळा. रस आधी घालून उकळलं तर आंबटपणामुळं नीट धरत नाही. रस थेट फ्रिजमधला नको, गाठी होतात. ताटलीत अर्धा सेंटीमीटर थर द्या, गार जागी अर्ध्या तासात घट्ट होतो, मग सुरीनं चौकोन कापा. जिलेटिन आपल्या मे महिन्यात टेबलावरच पाघळेल. चायना ग्रास एकदा धरलं की उकळीच्या जवळ नेल्याशिवाय पातळ होत नाही.

चौकोन केकवर ठेवायचे ते वाढायच्या तासभर आधी. जास्त वेळ राहिले तर साखरेच्या थरात गुलाबी वर्तुळं उमटतात.

कापणं

यावर भाच्यानं माझी परीक्षा घेतली. गेममधल्या केकचे सात घास होतात, त्रिकोणी नव्हे: एका बाजूनं सरळ पट्ट्या कमी होत जातात. केक 14 पिक्सेल (चित्रातले चौकोनी ठिपके) रुंद, प्रत्येक घासाला दोन पिक्सेल. म्हणजे आपल्या 15 सेंटीमीटरच्या केकला दोन सेंटीमीटरहून किंचित जास्त रुंदीच्या सात पट्ट्या. उंची आठ पिक्सेल, रुंदीच्या निम्म्याहून जरा जास्त. तेवढी हवी असेल तर दोन केक करून एकावर एक ठेवावे लागतील. आम्ही ठेवले नाहीत, कुणी तक्रार केली नाही.

पाहुण्या पोरांच्या आयांना आधी सांगून ठेवा की यात शेंगदाणे आहेत. काहींना सोसत नाहीत, आणि केकमध्ये शेंगा असतील अशी कोणाला शंकाही येत नाही. तसं कोणी असेल तर हाच केक सोयाच्या दुधाचा करा, व्हिनेगर तेवढंच.

पंचात उरलेला चोथा टाकू नका. तव्यावर कोरडा होईपर्यंत परता, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटा. शेंगांच्या चटणीइतकं तेल त्याला सुटत नाही, म्हणून वरून चमचाभर घालावं लागतं. कडक भाकरीबरोबर दोन दिवसांत संपते.