व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी फॅमिली डॉक्टर कसा शोधावा: आधी टेबल मोजा, मग दार

डॉक्टर शोधताना फोनवर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, 'तुमच्याकडे व्हीलचेअर येते का?' उत्तरही ठरलेलं असतं, 'हो हो, येते की.' हे उत्तर खोटं नसतं, पण कामाचंही नसतं. फोन घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन पायऱ्या उचलून आत घेतलेले एखादे आजोबा असतात; तुमची १०० किलोच्या पुढे जाणारी मोटरची खुर्ची नसते. म्हणून हा प्रश्न विचारूच नका. आकडे विचारा, आणि सुरुवात तपासणीच्या टेबलापासून करा.

टेबल आधी का, तर दार अरुंद असेल तर ते पहिल्याच दिवशी कळतं. टेबल उंच असल्याचा तोटा मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. डॉक्टर म्हणतात, 'राहू द्या, खुर्चीतच बघतो.' तुम्हालाही चढण्या-उतरण्याचा त्रास वाचल्यासारखा वाटतो. पण बसलेल्या माणसाच्या पोटाला घडी पडलेली असते, त्यामुळे वाढलेलं यकृत किंवा तुंबलेलं मूत्राशय हाताला नीट लागत नाही. बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी 'पुढच्या वेळी' म्हणत राहूनच जाते. बेडसोअर तर माकडहाडावर आणि बुडाच्या हाडांवर होतो, म्हणजे खुर्चीत बसल्यावर जो भाग कोणालाच दिसत नाही नेमका तिथे.

साधं तपासणीचं टेबल ७५ ते ८० सेंमी उंच असतं. खुर्चीची बैठक गादी धरून साधारण ४५ ते ५० सेंमी असते. म्हणजे सरकफळीवरून (खुर्ची आणि टेबल यांच्यामधे टाकायची गुळगुळीत फळी) सरकणाऱ्याला सुमारे ३० सेंमी वर चढायचं असतं, आणि ते जमत नाही. पायाशी ठेवलेलं स्टूल इथे निरुपयोगी आहे. ते उभं राहू शकणाऱ्यांसाठी असतं. हवं ते खाली-वर होणारं टेबल. पण 'आमचं खाली-वर होतं' एवढ्यावर थांबू नका. सर्वांत खाली किती येतं ते विचारा. ४३ ते ४८ सेंमीपर्यंत येत असेल तर उत्तम. ६० सेंमीवरच अडणारी टेबलंही असतात, आणि ती तुमच्या दृष्टीने उंचच.

तुम्हाला उचलायला चाकांचा हॉइस्ट लागत असेल तर टेबलाची खालची बाजूही बघा. हॉइस्टचे पाय टेबलाखाली सरकावे लागतात, त्यासाठी जमिनीपासून सुमारे १५ सेंमी मोकळं हवं. खाली कपाट किंवा ड्रॉवर असलेलं टेबल असेल तर हॉइस्ट जवळच येत नाही. ही गोष्ट फोनवर कोणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते.

शेवटची मेख बाजूची. टेबल भिंतीला लावलेलं असेल तर एकाच बाजूने चढता येतं. अंगाची एक बाजू लुळी असलेल्याला आपल्या धडधाकट बाजूनेच सरकायचं असतं. त्यामुळे मोकळी बाजू डावी की उजवी हे विचारा, आणि तिथे खुर्ची लावायला ९० बाय १२० सेंमी जागा आहे का तेही. बऱ्याचदा या जागेत कचऱ्याची बादली, वजनकाटा आणि एक जादा खुर्ची ठेवलेली असते. ती हलवता येते, भिंत नाही.

फोनवर काय विचारायचं

गर्दीच्या वेळी फोन करू नका. प्रश्न असे विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येऊच शकणार नाही: रस्त्यापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, उंबरठा धरून? खोलीचं दार उघडल्यावर मोकळी जागा किती सेंमी उरते? टेबल सर्वांत खाली किती येतं? टेबलावर चढवायला मदत कोण करतं, आणि त्यांनी हे आधी किती वेळा केलंय? मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागेल, तेवढी वेळ कधी लावून देता येईल?

'आम्ही उचलून घेऊ' हे ऐकलं की ते ठिकाण यादीतून काढा. मोटरची खुर्ची दोघांना उचलत नाही. घडीच्या खुर्चीचं हात ठेवायचं पॅड किंवा पायटा (पाय ठेवायचा भाग) धरून उचललं की तो भाग निसटून हातात येतो आणि माणूस पुढे पडतो. शिवाय तो उचलणारा माणूस पुढच्या वेळी रजेवर असतो.

मोजायला कोणी तयार असेल तर टेप लावून फोटो पाठवायला सांगा: मुख्य पायरी, खोलीचं दार, टेबल, स्वच्छतागृह. चार फोटोंनी एक चक्कर वाचते.

दार, पायरी, लिफ्ट

दाराचं माप फळीचं नाही, मोकळ्या जागेचं घ्यायचं. दार काटकोनात उघडा आणि फळीच्या आतल्या अंगापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजा. ९० सेंमीचं म्हणून सांगितलेलं दार असं मोजलं की चांगलं ५ सेंमीने कमी भरतं. हाताने चालवायच्या खुर्चीला ८० सेंमी निदान हवेत, कारण खुर्ची ६५ सेंमीची असली तरी चाकाच्या कड्यांवरची तुमची बोटं बाहेर असतात. चिंचोळ्या बोळातून वळून दारात शिरायचं असेल तर हेही पुरत नाही. तिथे बोळ १२० सेंमीच्या आसपास लागतो. खोलीत गोल वळायला १५० सेंमीचं वर्तुळ धरा. ते नसेल तर उलटं बाहेर यावं लागेल. तेही चालतं, पण आधी माहीत असावं.

रॅम्पचं गणित १ ला १२ आहे. १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांब उतार लागतो. पायरीवर नुसती हातभर फळी टाकलेली असते तिथे खुर्ची मागे कलंडते, किंवा मागची आधाराची छोटी चाकं जमिनीला टेकून खुर्ची मधेच अडकते. उंबरठा सव्वा सेंमीपर्यंत ठीक. त्यापुढे पुढची छोटी चाकं अडतात.

लिफ्ट आतून निदान ११० बाय १४० सेंमी हवी. ती दोन मजल्यांच्या मधे थांबते का हेही विचारा. 'लिफ्ट आहे' असं ऐकून गेल्यावर पुढे सहा पायऱ्या, हा प्रकार नेहमीचा आहे.

स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं दार तुम्ही आत गेल्यावर बंदच होत नाही.

वजनाची गोष्ट

वजन न करता 'किती असेल?' असं विचारून कागदावर लिहिणं फार चालतं. काही औषधांचा डोस किलोवर ठरतो, भुलीचाही, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अंगात पाणी साठतंय का हे वजनावरूनच आधी कळतं. खुर्चीसकट वर जाता येईल असा सपाट काटा जवळ कुठे आहे ते विचारा. डॉक्टरांकडेच असायला हवा असं नाही. खुर्चीसकट वजन करा, मग टेबलावर असताना रिकाम्या खुर्चीचं करा, गादी, पिशवी, पायटे सगळं जसंच्या तसं ठेवून. तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून खुर्चीच्या पाठीमागे चिकटवा. पुढच्या वेळी नुसती वजाबाकी.

डॉक्टरला काय विचारायचं

जागा पास झाली की माणूस. पहिली भेट ताप नसताना, एखाद्या किरकोळ कामासाठी घ्या. डॉक्टर बोलतात कोणाशी ते बघा. 'यांना झोप लागते का?' असं सोबत्याला विचारलं तर एकदा शांतपणे सांगा, 'मलाच विचारा.' त्यानंतरही बदल झाला नाही तर पुढचं नाव बघा.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी एक प्रश्न निवड सोपी करतो: 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया पाहिलाय का?' छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेलं मूत्राशय, पिळा पडलेली कॅथेटरची नळी किंवा साचलेला मळ यांनी रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशांचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो, म्हणून १३० दिसला आणि डॉक्टर 'नॉर्मल आहे' म्हणाले तर तिथेच चूक होते. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ म्हणजे धोक्याची घंटा. आधी सरळ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, नळी तपासायची. डॉक्टरला हे पाठ नसलं तरी हरकत नाही. 'माहीत नाही, वाचून ठेवतो' म्हणणारा डॉक्टर चालेल. हसून विषय बदलणारा नको.

तुमची माहिती एका पानावर लिहून द्या: नेहमीचा रक्तदाब, टेबलावर कसं चढता, कोणत्या बाजूने, औषधं आणि डोस, ॲलर्जी, शेवटची कातडीची तपासणी कधी झाली. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) घेत असाल तर 'अचानक बंद करू नये' हे ठळक लिहा. ते एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात. स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असेल तर लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या ॲलर्जीचा उल्लेख सर्वांत वर, कारण ही ॲलर्जी या लोकांत बरीच आढळते आणि खोलीत पहिला स्पर्श हातमोज्यांचाच होतो.

एक्स-रे, सोनोग्राफी आणि रक्त तपासणीला ते कुठे पाठवतात हेही त्याच भेटीत विचारा. स्वतःचं क्लिनिक सपाट, आणि एक्स-रे तिसऱ्या मजल्यावर, असं होतं.

सध्याचेच डॉक्टर चांगले असतील तर

सोडायची घाई नको. चांगला डॉक्टर मिळणं टेबल मिळण्यापेक्षा अवघड आहे. मागण्या लहान आणि नेमक्या करा: तळमजल्यावरच्या खोलीत तपासणी, घडीचा रॅम्प, दाराला लांब पानाच्या बिजागऱ्या. या बिजागऱ्यांनी उघडलेलं दार चौकटीच्या बाहेर सरकतं आणि भिंत न फोडता ४-५ सेंमी जागा निघते. दिवसाची पहिली किंवा शेवटची वेळ मागा, म्हणजे तुमच्यामुळे रांग खोळंबत नाही आणि टेबलावर घाई होत नाही. टेबलाचं मात्र जमत नसेल, तर झोपवून करायच्या तपासण्या कुठल्या दुसऱ्या ठिकाणी होतील हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि तारीखही.

नवी खुर्ची घेतली की रुंदी, लांबी आणि बैठकीची उंची तिन्ही बदलतात. दार, लिफ्ट आणि टेबल पुन्हा मोजा, आणि खुर्चीमागची वजनाची चिठ्ठी बदला.