सोलापुरातील दोन स्थलांतरित समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना कशी करावी

सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ या परिसरात यंत्रमागांच्या आवाजाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे आहेत. शहराच्या कडेला नव्या इमारतींच्या आसपास विजापूर आणि कलबुर्गीकडून बांधकामाच्या कामासाठी आलेली कन्नड भाषक मजुरांची कुटुंबे राहतात. या दोघांपैकी कोणाचे बरे चालले आहे, हा प्रश्न अर्थशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हौसेने निवडतात आणि पंधरा दिवसांत उत्तर देऊन मोकळे होतात. प्रश्न चांगला आहे. मात्र उत्तर चुकले तर एका समाजावर ‘आळशी’ आणि दुसऱ्यावर ‘सुखवस्तू’ असा शिक्का बसतो आणि तो पुसता पुसत नाही. म्हणून अशी तुलना करू पाहणाऱ्यांसाठी कामाची रीत येथे मांडली आहे.

सर्वांत आधी स्थलांतरित कोणाला म्हणायचे ते ठरवावे. जनगणना जन्मस्थान आणि मागील राहण्याचे ठिकाण या दोन कसोट्यांवर स्थलांतरित मोजते. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, 1877 मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरच्या काळात निजामाच्या तेलंगणातून विणकर कुटुंबे येथे येत राहिली. त्यांचे नातू-पणतू सोलापुरातच जन्मले असल्यामुळे जनगणनेच्या कसोटीने ते स्थलांतरित ठरत नाहीत आणि आपल्या अभ्यासातला अर्धा समाज कागदावरून नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून मातृभाषेचे आकडे घ्यावेत, तर अडचण उलट बाजूने येते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील कन्नड भाषक शेतकरी कोठूनही आलेले नाहीत. ते पूर्वीपासून तेथेच आहेत आणि राज्याची सीमा तेवढी त्यांच्या शेजारून गेली. त्यांना बांधकाम मजुरांच्या रांगेत बसवणे सरळ चूक होय. तेव्हा तयार आकड्यांवर विसंबण्याऐवजी प्रत्येक कुटुंबाला तीन गोष्टी विचाराव्यात: सोलापुरात पहिल्यांदा कोण आले, कोणत्या गावाहून आले आणि साधारण कोणत्या साली आले. साल आठवत नसेल तर ‘1972 च्या दुष्काळाआधी की नंतर’, ‘थोरल्या मुलीच्या जन्माआधी की नंतर’ अशा खुणांनी विचारले की बहुधा उत्तर मिळते.

या तीन उत्तरांवर पुढचे सारे उभे राहते, कारण येथे फार मोठा गोंधळ लपलेला असतो. चार पिढ्या शहरात काढलेल्या कुटुंबाची आणि पाच वर्षांपूर्वी आलेल्या कुटुंबाची मिळकत शेजारी ठेवली, तर दिसणारा फरक समाजाचा आहे की शहरात काढलेल्या काळाचा, हे सांगता येत नाही. शहरात येऊन दहा वर्षे झालेल्यांची तुलना दहा वर्षे झालेल्यांशीच करावी. जुन्या समाजात असे नवे कुटुंब सापडत नसेल, तर आजोबांच्या आठवणींतून त्यांच्या पहिल्या दहा वर्षांची स्थिती लिहून घ्यावी: खोली भाड्याची होती की मालकाच्या मागाखालीच झोपत होते, बायको गावी होती की सोबत, पहिले भांडे केव्हा घेतले. आठवणीतले रुपये विश्वासाचे नसतात. राहणे, खाणे आणि कर्ज मात्र माणसाला नीट आठवते.

सुरुवातीची शिदोरीही पाहावी. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरात झाला आणि त्यांचे घराणेही बाहेरून, गुजरातेतून, आलेलेच होते. पण ते व्यापारी घराणे होते. हातमाग घेऊन आलेल्या विणकराशी त्या घराण्याची तुलना केली, तर स्थलांतराविषयी काहीच कळत नाही, भांडवलाविषयी मात्र कळते. पद्मशाली विणकराने हातात कसब आणले होते. बिगारी म्हणून येणाऱ्या तरुणाकडे बहुधा तेही नसते, आणि गवंड्याच्या हाताखाली काढलेली वर्षे हेच त्याचे शिक्षण असते. ही नोंद प्रत्येक कुटुंबाच्या कागदावर असलीच पाहिजे.

आता मिळकतीकडे वळू. पूर्व भागातील एका घरी आम्ही गेलो असता म्हातारे आजोबा खाटेवर बसले होते. घरात कोण कमावते असे विचारल्यावर ते म्हणाले, “मुलगा मागावर जातो. सून घरीच असते, ती काही करत नाही.” सून त्यांच्यापासून चार हातांवर उंबऱ्याला पाठ टेकून बसली होती. तिच्या मांडीवर सूप होते, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू होती, आणि बोलणे ऐकत असतानाच तिची बोटे एकेक विडी वळून दोऱ्याने बांधत होती. सोबतच्या विद्यार्थिनीने पाहणीच्या अर्जावर ‘कमावणारे: 1’ असे लिहिलेही होते. मी तिला थांबवले आणि “अक्का, दिवसाला किती विड्या होतात?” असे सुनेलाच विचारायला सांगितले. त्या घरात कमावणारे दोन होते, आणि कित्येक आठवडे घर चालत होते ते विडीवरच.

म्हणून ‘कोण कमावते’ असा प्रश्न कधीही विचारू नये. घरातील प्रत्येक माणसाचे नाव घेऊन, म्हणजे सून, सासू, बारावीतली मुलगी अशा प्रत्येकाविषयी, ‘गेल्या सात दिवसांत पैसे मिळतील असे कोणते काम केले’ असे विचारावे. कांड्या भरणे, टॉवेलांची शिलाई, विड्या वळणे, साइटवर पाणी मारणे, मुकादमासाठी स्वयंपाक करणे ही सगळी कामे त्यात येतात. शक्यतो बाईशी बाईनेच बोलावे आणि घरातील पुरुष समोर नसताना बोलावे. बांधकामावर नवरा-बायको जोडीने राबत असतील तर हिशेब बहुधा नवऱ्याच्या हाती येतो, त्यामुळे बायकोची हजेरी वेगळी विचारली नाही तर ती मिळकतीच्या रकान्यातून गळून पडते.

दर आणि मिळकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाक्यावर उभा राहणारा मजूर अभिमानाने मोठा रोज सांगतो, तर माग चालवणारा कामगार त्याहून कमी. समजा, मजुराचा रोज 700 रुपये आहे, पण महिन्यात त्याला 16 दिवसच काम मिळाले. त्याची मिळकत 11,200 झाली. माग कामगाराला दिवसाला 500 पडतात आणि तो 26 दिवस कामावर गेला. त्याचे 13,000 झाले. रोजाला सरळ 30 ने गुणणारा विद्यार्थी येथे पूर्ण उलटे उत्तर लिहील. म्हणून आधी दिवस मोजावेत, मग दर विचारावा. विडीच्या बाबतीत हजारी दर विचारून भागत नाही. कारखान्यात विड्या पोचवल्यावर ‘छाट’ म्हणून, म्हणजे खराब ठरवून, किती बाजूला काढल्या, पान कमी पडले म्हणून बाजारातून किती विकत आणावे लागले, हे वजा केल्याशिवाय खरी मजुरी हाती लागत नाही. मागावर खाडे किती झाले, वीज गेल्याने किती तास बसून काढले, हेही त्याच रीतीने विचारावे.

एकाच महिन्याची पाहणी फसवी असते. पावसाळ्यात बांधकाम मंदावते आणि त्याच वेळी काही मजूर पेरणीसाठी गावी गेलेले असतात. निदान दोनदा जावे, एकदा आषाढात आणि एकदा दिवाळीनंतर, आणि दोन्ही वेळा त्याच घरांत जावे.

मिळकत हाती आली की ती माणसांत वाटावी लागते, आणि वाटण्याच्या रीतीवर निकाल बदलू शकतो. चार माणसांच्या घराची मिळकत 24,000 आणि सात माणसांच्या घराची 35,000 असे धरू. दरडोई काढले तर पहिल्या घरात 6,000 आणि दुसऱ्यात 5,000 पडतात. पहिले घर बरे दिसते. परंतु एक छत, एक दिवा, एक चूल यांचा खर्च माणसे वाढली म्हणून त्याच पटीने वाढत नाही. यासाठी माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागण्याची पद्धत रूढ आहे. तसे केले की पहिल्या घराचे 12,000 आणि दुसऱ्याचे सुमारे 13,230 येतात, आणि क्रम उलटतो. एका समाजात एकत्र कुटुंबे अधिक आणि दुसऱ्यात सुटी माणसे अधिक असतील, तेव्हा दोन्ही रीतींनी काढलेले आकडे शेजारी छापावेत.

सरासरीचाही मोह टाळावा. दहा घरांपैकी नऊ घरांत 12,000 आणि एका यंत्रमागधारकाच्या घरात 2,00,000 येत असतील, तर सरासरी 30,800 निघते. दुसऱ्या समाजात दहाही घरांत 18,000 येत असतील, तर सरासरीच्या हिशेबाने तो समाज गरीब ठरतो, जरी त्यातले प्रत्येक घर पहिल्या समाजातल्या नऊ घरांपेक्षा बऱ्या स्थितीत असले तरी. मिळकतीप्रमाणे घरे रांगेत लावून मधल्या घराचा आकडा, म्हणजे मध्यक, घ्यावा. पद्मशाली समाजात मालक आणि कामगार दोन्ही असल्यामुळे त्यांचे आकडे वेगळे दाखवणे मला तर अत्यावश्यक वाटते. चादरीचे कारखानदार आणि त्यांच्याच मागावर बारा तास उभा राहणारा माणूस यांना एका आकड्यात कोंबणे अन्याय आहे.

जुन्या वर्षांच्या रुपयांशी तुलना करायची असेल तर औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा. सोलापूर हे त्या निर्देशांकाचे स्वतंत्र केंद्र आहे, त्यामुळे मुंबईचे किंवा देशाचे आकडे उसने घेण्याची गरज पडत नाही. 2016 हे पायाभूत वर्ष धरलेली मालिका आधीच्या 2001 च्या मालिकेशी जोडताना सोलापूर केंद्रासाठी दिलेल्या जोडगुणकाने गुणावे; 2.88 हा गुणक देशाच्या निर्देशांकाचा आहे.

मिळकतीइतकेच, किंबहुना अधिक लक्ष कर्जाकडे द्यावे. मालकाकडून घेतलेली उचल कामगाराला त्या मागाशी बांधून ठेवते. दुसरीकडे दर बरा मिळत असूनही त्याला जाता येत नाही, आणि हा तोटा पगाराच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. बांधकाम मजूरही मुकादमाकडून उचल घेऊनच गाव सोडतो. उचल किती घेतली, आठवड्याच्या हिशेबातून किती कापली जाते, बाकी किती राहिली, आणि ती कशासाठी घेतली होती, म्हणजे लग्न, दवाखाना की बियाणे, हे विचारावे. भिशी, बचत गट, मायक्रोफायनान्सचा हप्ता आणि गहाण पडलेले सोने यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत घ्यावी. सोने आहे का असे विचारले तर कोणी सांगत नाही. ‘गेल्या दोन वर्षांत सोने गहाण ठेवावे लागले का’ या प्रश्नाला मात्र बायका मोकळेपणाने उत्तर देतात.

घराचा प्रश्न सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. सोलापूरजवळच्या कुंभारी येथील कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजारांवर विडी कामगार महिलांना घरे मिळाली आणि 2006 मध्ये त्यांचे हस्तांतरण झाले. पुढे रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची योजना आली आणि त्यांतील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये देण्यात आली. मालकीचे घर असलेल्या बाईची आणि दर अकरा महिन्यांनी सामान उचलणाऱ्या बाईची मिळकत सारखी असली, तरी त्यांची स्थिती सारखी नव्हे. मालकी कोणाच्या नावावर आहे ते कागद पाहून लिहावे. त्याचबरोबर शहरापासून दूर गेल्यामुळे रिक्षाभाड्यात किती जातात, तेही वजा करावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पाणी साठवायला टाकी आहे की दोन पिंपे, हा प्रश्न टीव्ही-फ्रीजच्या प्रश्नापेक्षा जास्त सांगून जातो.

बांधकाम मजुराची अर्धी मालमत्ता सोलापुरात दिसतच नाही. इंडी किंवा अफजलपूर तालुक्यात त्याची दोन एकर कोरडवाहू जमीन असते, म्हातारे आईवडील असतात आणि दर महिन्याला तिकडे पैसे जातात. येथील खोली पाहून त्याला कंगाल ठरवू नये, आणि जमीन आहे म्हणून सधनही ठरवू नये. पाठवलेली रक्कम आणि गावाहून आलेली ज्वारी या दोन्ही नोंदवाव्यात. रेशनकार्ड कोठले आहे आणि सोलापुरात त्यावर धान्य मिळते का, हे विचारावे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला गेल्या वर्षातील 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि दर आठवड्याला मालक बदलणाऱ्या नाक्यावरच्या माणसाला तो मिळवणे जड जाते. उलट विडी कामगारांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा होता; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. आजारपणात कोणाला आधार आहे आणि कोणाला नाही, हे या नोंदींतून कळते.

घरे निवडताना ओळखीच्या माणसाने नेले तेथे जाणे सोडून द्यावे. वस्तीतील घरे मोजून प्रत्येक दहावे घर घ्यावे. नाक्यावरच्या मजुरांची यादी नसते, म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नाक्यांवर, काम मिळालेल्यांशी आणि न मिळालेल्यांशीही बोलावे. प्रत्येक समाजातील शंभर घरे घेतली तरी टक्केवारीत दहाएक टक्क्यांची चूक इकडेतिकडे होऊ शकते, तेव्हा चार टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष बांधू नये. शिवाय जे टिकले तेच आपल्याला भेटतात. सोलापुरात न जमल्यामुळे भिवंडीला गेलेले विणकर आणि पाय मोडून गावी परतलेले मजूर आपल्या शंभरांत नसतात. त्यांच्याविषयी शेजाऱ्यांना विचारून वेगळी टीप ठेवावी.

अहवाल लिहिताना ‘हा समाज पुढे, तो मागे’ असे एका ओळीत लिहू नये. मिळकत, कर्ज, घर, आजारपणातील आधार आणि मुलांचे शिक्षण यांचे निकाल वेगवेगळे द्यावेत, कारण एकात पुढे असलेले दुसऱ्यात मागे असू शकतात. कोणाचेही नाव किंवा गल्ली छापू नये. आणि छापण्याआधी आकडे घेऊन त्याच वस्तीत परत जावे, दहा-बारा बायांना बसवून ते मोठ्याने वाचून दाखवावेत. आम्ही असे केले तेव्हा विडीच्या मजुरीचा आकडा ऐकून त्या सुनेने मान हलवली. आम्ही छाट वजा केली होती. पण पाने भिजवून फडक्यात बांधायला आणि कापायला रात्री जे दोन तास जातात, ते कामाच्या तासांत धरलेच नव्हते. तो रकाना आम्ही त्याच दुपारी अर्जात वाढवला आणि साठ घरे पुन्हा फिरलो.